राखवाडी पडद्यावर कधी येणार?

पिक्चर आला की लोक तो बघतात, दोन दिवस त्यावर बोलतात आणि विसरून जातात. पण पिक्चर 'येणार आहे' एवढंच नुसतं कळलं, की त्याच्याभोवती किस्से साचायला लागतात. न आलेल्या पिक्चरचे आमच्याकडे इतके किस्से जमलेत, की तो खरंच आला तर आमची पंचाईत होईल असं मला अधूनमधून वाटतं!

महाडच्या बाजारपेठेत माझं मोबाईल आणि कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. मंगळवारी बंद. म्हणजे गिऱ्हाइकाला बंद. शटर अर्धं खाली ओढून आम्ही चौघं आत बसलेले असतो. मी, पोलादपूरला औषधाच्या दुकानात काम करणारी सुषमा, वरंधचा टेम्पोवाला किरण आणि हिरकणीवाडीचा दिनेश. दिनेश गड दाखवायचं काम करतो, गडाखाली त्याच्या आईचा ताक-भाकरीचा स्टॉल आहे. चौघांचीही वयं आता गेम खेळायची राहिलेली नाहीत, हे आमच्या घरचे आम्हाला वरचेवर सांगत असतात.

या गेमला एक लांबलचक इंग्रजी नाव आहे. ते किरणला कधी नीट घेता आलं नाही, म्हणून त्याने पहिल्याच आठवड्यात त्याचं बारसं केलं. राखवाडी! एक राज्य आहे, तिथे सूर्य उगवायचा थांबलाय. सगळीकडे राख. आपण कंदील घेऊन चालत राहायचं. वाटेत शापित देवळं, तोंड नसलेला राजा, अंगावर येणारी भुतावळ. शेवटी एक काळी नदी लागते. नदीवर एक मुकी नावाडीण. तिच्या होडीत बसलं की होडी धुक्यात शिरते आणि गेम संपतो. पलीकडे काय आहे ते कुणालाच माहीत नाही.

आणि एक दिवस बातमी आली, की राखवाडी पडद्यावर येणार, आणि त्यात नदीपलीकडचं दाखवणार! कधी, ते सांगितलं नाही. अ‍ॅनिमेशन की खरी माणसं घेऊन, तेही सांगितलं नाही. बस्स! आमचे मंगळवार मार्गी लागले.

* * *

किरण खऱ्या माणसांच्या बाजूचा. सुषमा अ‍ॅनिमेशनच्या.

"सेट कशाला लावायचा पण?" किरण म्हणायचा. "वरंध घाटात या म्हणावं. धुकं तयार हाय, दरी तयार हाय, रस्ता तर आधीपासनंच शापित हाय! बिनतोंड्या राजाला पण आमच्या गावचा माणूस देतो. सभेला येतो, फेटा बांधून बसतो, तोंड म्हणून उघडत नाय!"

सुषमा शांतपणे ऐकून घ्यायची. मग म्हणायची, "अ‍ॅनिमेशनमध्ये नावाडीण नावाडीणच राहते. खरी नटी घेतली की तिचं लग्न, तिचं भांडण, तिचा एअरपोर्टवरचा फोटो. मग ती वल्हं मारायला लागली की मला वाटणार, ही काल एअरपोर्टवर होती!"

पुढच्या मंगळवारी किरण यावर उत्तर घेऊन आला.

"नावाडीण माझी मावशी करंल. तिनं एअरपोर्टच बघितला नाय!"

* * *

हाच किरण एकदा भोरहून भाजी घेऊन येत होता. दुपारचीच वेळ, पण घाटात धुकं असं उतरलेलं की टेम्पोचं स्वतःचं बॉनेट दिसेना. अशा धुक्यात गाडी चालवताना आपण झोपेत चालवतोय असं वाटतं, असं तो म्हणतो. पाण्याचा आवाज येतो, पण पाणी कुठल्या बाजूला ते कळत नाही. एखादं झाड जवळ येतं, ओळखीचं वाटतं, आणि निघून जातं.

एका वळणावर समोर माणूस उभा. घोंगडी पांघरलेली, हातात कंदील!

किरणने ब्रेक मारला. राखवाडीच्या पहिल्याच वेशीवर असाच एक राखणदार असतो. आपण त्याच्यासमोर एकच वाक्य म्हणायचं असतं, मग तो वाट सोडतो. किरणने काच खाली केली आणि मराठीत, अगदी गंभीर आवाजात म्हणाला, "मी उजेड घेऊन आलोय."

राखणदाराने हेडलाईटसमोर हात धरला.

"मग डिपर मार की! अप्पर कशाला डोळ्यात मारतोस? पुढं दरड आलीय, गाडी बाजूला घे."

मग त्याने किरणला आपल्या छपरात नेऊन कोरा चहा पाजला. किरणचं म्हणणं, गेममध्ये एवढं केलेलं नाही. पिक्चरवाल्यांनी चहा घातला पाहिजे.

* * *

आता दिनेशचं सांगतो. कारण त्याच्याशिवाय पुढचं काही कळणार नाही.

एका मंगळवारी आम्ही अशाच दुसऱ्या कुठल्या तरी काळोख्या गेमवरून काढलेली सिरीज बघत बसलो होतो. हल्ली ह्या लोकांना काय झालंय कळत नाही. गोष्ट अंधाराची असली की पडद्यावरही अंधारच दाखवतात. मोठी लढाई चाललेली, तलवारींचा खणखणाट, घोड्यांचं खिंकाळणं, आणि पडद्यावर डांबर ओतल्यासारखं काळं. किरण ओरडला, "ब्राईटनेस वाढव रे!" मी वाढवला. तरी तेच. सुषमा म्हणाली, "कोण मेलं?" मी म्हटलं, "मला घोडापण दिसला नाही."

दिनेश एकदम पुढे सरकला.

"म्हणजे तुम्हाला पण दिसत नाय?" त्याने विचारलं. त्याच्या तोंडावर इतका आनंद होता, की आम्ही तिघंही हसलो. मग हसणं अर्धवटच राहिलं.

त्याने सगळं सांगितलं. लहानपणापासून संध्याकाळनंतर दिसायचं कमी. आता दिवसाही कडा मिटत चालल्यात. मोठ्या डॉक्टरांना दाखवलं, ते म्हणाले असंच कडेकडेने कमी होत जाईल, मधलं शेवटी. किती वर्षं, ते त्यांनाही सांगता येईना.

"बांगडीतनं बघतो ना, तसं दिसतं," दिनेश म्हणाला. "बांगडी जरा बारीक होतेय, एवढंच."

सुषमाने आजाराचं इंग्रजी नाव ओळखलं, पण घेतलं नाही. मग दिनेशच म्हणाला, "गड मला पाठ हाय रे, त्याची काळजी नाय. आईचं तोंड पण पाठ हाय. ते नदीपलीकडचं तेवढं बघायचं होतं."

तेव्हापासून 'राखवाडी कधी येणार' हा प्रश्न आमच्यात कुणी टाईमपास म्हणून विचारला नाही. आणि किरणने खऱ्या माणसांचा हट्ट सोडला. अ‍ॅनिमेशनमध्ये रंग लख्ख असतात, असं त्याने कुठेतरी वाचलं होतं.

* * *

दिनेशच्या आईला आम्ही सगळेच आई म्हणतो. त्यांच्या स्टॉलवर एकदा आम्ही भाकरी खात गेमवर बोलत होतो. राजाने राणीला तळघरात कोंडलं, हे बरोबर की चूक, असा वाद चाललेला.

आई चुलीवरून म्हणाल्या, "मग माहेरचं कोण आलं नाय का बघायला?"

"आई, ती गेममधली राणी आहे," सुषमा म्हणाली.

"असंना का. माहेर नसतंय का गेममधलीला?"

मग त्यांना सगळी गोष्टच सांगावी लागली. नावाडीण मुकी का, यावर जगभरातले लोक भांडतात. कुणी म्हणतं तिला शाप आहे, कुणी म्हणतं राजाने जीभ कापली. आईंनी भाकरी उलटली, पदराने कपाळ पुसलं.

"मुकी कशाला असंल ती! पलीकडचं ती एकटीच बघून आलेली हाय. सांगितलं तर होडीत बसायची मजा काय ऱ्हायली?"

सुषमाने हे इंग्रजीत करून गेमवाल्यांच्या एका मोठ्या ग्रुपवर टाकलं. रात्रीतून तिथे नुसता धुमाकूळ! कुठल्या कुठल्या देशांतले लोक लिहायला लागले, की इतकी वर्षं आम्हाला हे सुचलं कसं नाही. एकाने विचारलं, ही माहिती कुठून मिळाली? सुषमाने खरं ते लिहिलं, की गडाखाली ताक विकणाऱ्या आमच्या आईंकडून. त्यावर त्या माणसाने लिहिलं, तुमच्या गडाखाली अजून काय काय कळतं?

हे आईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "त्याला म्हणावं ये एकदा. पण सकाळच्याला ये, दुपारी गर्दी असते."

* * *

मध्यंतरी कंपनीने एका ओळीचं निवेदन काढलं, की काम चालू आहे, पूर्ण झाल्यावर कळवू. बस्स, एवढंच.

किरण भडकला. "ही ओळ मी वळखतो! आमच्या हायवेला पण वर्षानुवर्षं हीच पाटी हाय!"

मग बरेच आठवडे एकच विषय. राखवाडी आधी येणार की हायवे आधी होणार? सुषमा राखवाडीच्या बाजूने होती. मीही. किरण रोज टेम्पो चालवतो, त्यामुळे त्याला कुठल्याच बाजूने बोलवेना.

दिनेश म्हणाला, "हायवे झाला तर मला कळंल. हिसके बंद होतील." आणि स्वतःच खो खो हसला. आम्हाला हसायला थोडा वेळ लागला.

* * *

शेवटी किरण म्हणाला, "देवाला कौल लावूया."

आमच्या भागात हे नवीन नाही. लग्न असो, विहीर असो, मुंबईची नोकरी असो, ग्रामदेवतेला विचारतात. गुरव देवाच्या दोन्ही खांद्यांना ओली फुलं चिकटवतो. उजवं पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. किरणच्या गावचे गुरव, आप्पा, मोठे कडक. प्रश्न वाकडातिकडा विचारलेला त्यांना खपत नाही.

आम्ही चौघं सकाळी आंघोळी करून देवळात हजर. मागे ओढ्याचा आवाज, दारात फणसाची सावली, गाभाऱ्यात गारवा. आप्पांनी फुलं लावली. "हां, इचारा."

किरण हात जोडून म्हणाला, "देवा, राखवाडीचं अ‍ॅनिमेशन लवकर येणार काय?"

डावं फूल पडलं.

"बरं, खरी माणसं घेऊन येणार काय?"

परत डावं!

किरण हळूच म्हणाला, "आप्पा, देवाला राग आला काय?"

"राग कशाला येतोय?" आप्पा म्हणाले. "तुम्ही काय इचारताव ते त्याला कळाया नको? राखवाडी म्हंजे काय, हे त्याला ठावं हाय का? आधी नीट गोष्ट सांगा, मग इचारा!"

आता देवाला गोष्ट सांगायची म्हणजे काय चेष्टा नाही. किरणने सुरुवात केली आणि दुसऱ्याच वाक्याला अडखळला. मग दिनेश पुढे झाला. गडावर रोज गोष्ट सांगणारा माणूस तो. मांडी घालून बसला आणि सूर्य न उगवणाऱ्या राज्यापासून त्याने सुरुवात केली. देवळात आलेल्या दोन बायका थांबल्या. कुणी गवताचा भारा उतरवून पायरीवर टेकलं. आप्पाही खांबाला पाठ लावून बसले. कंदीलवाला राखेतून चालत होता आणि देवळात तेलाचा दिवा हलत होता. मला वाटतं, मी तो गेम इतक्यांदा खेळलो, पण राखवाडी खरी मी त्या दिवशी पाहिली.

"...आणि होडी धुक्यात शिरली," दिनेश म्हणाला आणि थांबला.

"पुढं?" एक बाई म्हणाली.

"पुढचं माहीत नाय मावशी. तेच इचारायला आलोय."

आप्पा उठले. त्यांनी नवी फुलं लावली आणि दिनेशला म्हणाले, "तू मनातल्या मनात इचार."

त्याने काय विचारलं ते आम्हाला माहीत होतं. आम्ही तिघं त्या दोन फुलांकडे श्वास रोखून बघत राहिलो. उजवं पडेना. डावंही पडेना. सावली पायरीवरून खाली उतरली, तरी दोन्ही फुलं जागच्या जागी.

शेवटी आप्पांनी दिनेशच्या पाठीवर हात ठेवला.

"आज नाय सांगायचा तो. त्याला पण पुढचं ऐकायचं असंल!"

* * *

आणि मग टीझर आला. अ‍ॅनिमेशनच! सुषमा जिंकली, पण ती नाचली वगैरे नाही. तिने आधी दिनेशला फोन केला आणि सांगितलं की मंगळवारपर्यंत मोबाईलवर बघू नकोस, मोठ्या भिंतीवर बघू.

मी दुकानातली मागची भिंत मोकळी केली, पांढरा रंग मारला, प्रोजेक्टर लावला. लॅपटॉप माझाच. दुसऱ्यांचे लॅपटॉप दुरुस्त करता करता माझ्या स्वतःच्याची स्क्रीन कधीचीच गेलेली, त्यामुळे तो प्रोजेक्टरशिवाय आंधळा. आवाजासाठी चार्जिंगचा स्पीकर. टीझर आधीच उतरवून ठेवलेला. दुपारची वेळ, पण उजेड नको म्हणून आम्ही शटर पार खाली ओढलं आणि पंखा जोरात लावला.

दिनेश मागच्या टोकाला बसला. जवळून त्याला चित्राचा तुकडाच दिसतो. लांब गेलं की अख्खी भिंत त्याच्या बांगडीत मावते.

सुरू झालं. राख पडत होती. एक कंदील पेटला. रंग लख्ख वगैरे काही नव्हते. तोच सगळा निळा-काळा अंधार. मला रडू यायचंच बाकी होतं.

"काय दिसतंय रे?" दिनेशने विचारलं.

"कंदीलवाला चाललाय," किरण म्हणाला. "उतरण हाय. खाली नदी... हां, नदी आली. नावाडीण उभी हाय. तो होडीत पाय ठेवतो..."

आणि लाईट गेली.

भिंत काळी झाली. लॅपटॉप आणि स्पीकर मात्र बॅटरीवर चालूच राहिले. पाण्याचा आवाज, वल्ह्यांचा आवाज. मी 'अरे यार' म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात सुषमाने अंधारात माझं मनगट घट्ट धरलं. आणि किरण, खरं सांगतो, एका शब्दाचीही गफलत न करता बोलत राहिला.

"...होडी निघाली. धुकं हाय. धुक्यात शिरली. काय दिसत नाय... अजून काय नाय... थांब. धुकं निळं व्हायला लागलं. दिनेश, पलीकडं उजाडतंय रे!"

"खरं?" दिनेश म्हणाला.

"डोंगर आहेत," सुषमा म्हणाली. "हिरवेगार. त्यांच्या कडेने ऊन उतरतंय. काठावर घरं आहेत, कौलारू. धूर निघतोय चुलींचा. एक बाई पाणी भरायला आली आणि होडी बघून घागर तशीच ठेवून उभी राहिली."

"मग?"

माझी पाळी होती. मला असलं काही सुचत नाही, पण त्या दिवशी सुचत गेलं. म्हटलं, काठावर बाजार भरलाय. कुणाच्याही हातात कंदील नाही. नावाडीण वल्हं खाली ठेवते. कंदीलवाला आपल्या कंदिलाकडे बघतो, फुंकर मारतो आणि विझवतो. लोक त्याला हाताला धरून वर घेतात, जणू तो तिथलाच आहे.

स्पीकर केव्हा गप्प झाला ते आमच्या लक्षातच आलं नाही. घामाने शर्ट पाठीला चिकटले होते. किरणने त्यात पोरं घातली, गुरं घातली, नदीवरून उडणारा पक्ष्यांचा थवा घातला. सुषमाने एकेका घराला दार लावलं, अंगण सारवलं. मी रस्ता केला. मग कधीतरी आम्हा तिघांनाही एकदम पुढचं काही सुचेना.

मागच्या टोकाकडून दिनेशचा आवाज आला.

"पंखा मघापासनं बंद हाय रे. पण थांबलात कशाला? त्या कंदीलवाल्याला वर घेतला, जेवायला कुणाच्या घरी नेला ते सांगा ना."